वाइनची द्राक्षं धुवत नाहीत

वाइनसाठी तोडलेली द्राक्षं धुवत नाहीत हे मला पंचविशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं, आणि तेही द्राक्षवाल्याच्या घरात जन्मून. आमचा निफाड तालुका, जिकडं बघावं तिकडं बागा. लहानपणी घड तोडून आणला की आई ओसरीवरूनच ओरडायची, आधी मिठाच्या पाण्यात टाक, औषध मारलंय. मग घमेल्यात मीठ टाकून घड बुडवायचा, अर्धा तास वाट बघायची आणि मगच तोंडात टाकायचा. बाहेरच्या लोकांना वाटतं द्राक्षवाल्यांची पोरं मांडवाखाली बसून पोटभर खात असतील. आम्ही खाल्ली, पण धुऊन.

आमच्या तीन एकरात अण्णांनी (म्हणजे माझे वडील) २००६ ला शिराझ लावली. शिराझ ही काळी, रेड वाइनची जात. त्या काळात आमच्या भागात वाइनची हवा होती. २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं होतं, विंचूरला वाइन पार्क झालं होतं, एका कंपनीची माणसं गावात येऊन करार करून गेली, रोपं, भाव, तोडणी सगळं कागदावर. पहिला माल २००८ च्या फेब्रुवारीत निघाला. पिकअपमध्ये क्रेट भरून अण्णा निघाले आणि मला सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेले.

तिथं एक एक क्रेट उचलून सरळ हौद्यात उपडा करत होते. खाली मशीन फिरतंय, देठं एकीकडं पडतायत, मणी फुटून रस-साल-बी सगळं पाइपातून टाकीत चाललंय. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग तिथल्या पोराला विचारलं, "हे धुणार कुठं?" तो म्हणाला, "धुवत नाही काका, पाणी लागलं तर रस पातळ होतो ना."

बस, एवढंच. अण्णांनी नियम मोडलेला नव्हता, शेवटच्या फवारणीनंतर जितके दिवस थांबायचं तितके थांबले होते. पण येताना ते गप्प होते. फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "म्हणजे आपण वर्षभर जे मारलं ते सगळं सालीसकट त्या टाकीत गेलं की गं."

पुढं काय झालं ते आमच्याकडच्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. २००८ च्या शेवटी जगभर मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. करार कागदावरच राहिला. दुसऱ्या वर्षी आमच्या मालाला न्यायला गाडी आलीच नाही, फोन केला की उद्या, परवा, आणि वेलीवर घड सुकून मनुके व्हायला लागले. पहिल्या वर्षाचे उरलेले पैसे मिळायलाही दीड वर्ष गेलं. वाइनची द्राक्षं बाजारात विकता येत नाहीत, बारीक मणी, जाड साल, आत दोन-तीन बिया, कोण घेणार? मग २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, बागा ऐन कोवळ्या फुटीत-फुलोऱ्यात, डावणी नावाच्या रोगानं पार धुऊन नेल्या. शेजारच्या दोघांनी कुऱ्हाड लावली. ती तोडलेली खोडं कित्येक महिने बांधावर जळणाला रचलेली होती, अजून डोळ्यासमोर आहेत माझ्या.

अण्णांनी अर्धी तोडली, तिथं थॉमसन, म्हणजे खायच्या द्राक्षाची जात लावली. दीड एकर शिराझ ठेवली. का ठेवली ते त्यांनी तेव्हा नीट सांगितलं नाही.

त्यानंतर २०१० ला आपल्याकडची एक्सपोर्टची द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले होते. हे फांदीची वाढ रोखायला वापरायचं औषध, आम्ही सीसीसी म्हणतो, एप्रिल छाटणीनंतर मारायचे आणि ते लाकडात राहून पुढच्या फळात उतरायचं. तेव्हापासून 'रेसिड्यू' हा शब्द आमच्याकडं आज्जीच्या तोंडी पण बसला. लोक संतापले, युरोपवाल्यांना शिव्या दिल्या, नुकसान खरंच भयंकर होतं. अण्णांना पण वाईट वाटलं, पण त्यांच्या डोक्यात तो हौदाच होता. खायची द्राक्षं निदान कुणीतरी धुतं, ते म्हणाले, ह्या शिराझला कुणी धुवत नाही, हिला तरी काही मारायचं नाही. आणि दीड एकर सेंद्रिय करायला घेतली.

इथं एक सांगून टाकते, आमचं सगळं शेत सेंद्रिय नाही. थॉमसनला अजूनही सगळं मारावं लागतं, घर त्याच्यावर चालतं. मध्ये बांधाला शेवरी आणि मका लावून आडोसा केलाय, कडेच्या ओळींचा माल वेगळा काढतो, ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवायचा तर वारा बघून. एकाच माणसानं एका बांधाच्या दोन बाजूंना दोन प्रकारची शेती करायची, सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं. मला पूर्वी हे खटकायचं, आता नाही खटकत, कारण मी हिशेबाची वही बघितलीय.

सर्टिफिकेटला बहुवर्षायू पिकाला तीन वर्षं लागतात, तीन वर्षं सेंद्रियासारखं सगळं करायचं आणि भाव साधा घ्यायचा. त्या तीनपैकी दोन वर्षं आमची डावणीत गेली. ज्यांनी बाग केलेली नाही त्यांना सांगते, डावणी म्हणजे काय. पहाटे धुकं, पानावर दव, आणि दोन दिवसांनी पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग. पान उलटं केलं की खाली पांढरी लव. घडावर आली तर संपलं, मणी तपकिरी होऊन गळून जातात, दांडा हातात राहतो. औषधवाले शेजारी रात्री बाराला पावसात ट्रॅक्टर काढून फवारतात, झाडाच्या आत शिरणारी औषधं असतात त्यांच्याकडं, डाग पडल्यावरही काहीतरी आटोक्यात येतं. सेंद्रियवाल्याकडं आत शिरणारं काही नाही. जे आहे ते पानावर बसून राहणारं, म्हणजे रोग यायच्या आधीच मारलेलं असायला हवं. उद्या पाऊस येणार हे आज ओळखायचं, सगळा खेळ तिथं आहे.

आणि मारायचं काय, तर बोर्डो. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना. हे मिश्रण मुळात वाइनच्या वेलींसाठीच निघालं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं चोरू नयेत म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींची पानं डावणीतून वाचलीत. १८८५ ला त्यानं ते छापून जाहीर केलं. आज एवढ्या वर्षांनी आमच्या बांधावर प्लॅस्टिकच्या ड्रमात तेच कालवतात. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद रात्री वेगळं भिजत घालायचं, कळीचा चुना वेगळा विरवून गाळायचा, आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत हलवत राहायचं. आभाळासारखा निळा रंग येतो. मग अण्णा विळा घेतात, धुतलेला, चकचकीत, त्याचं पातं ड्रममध्ये बुडवून थोडा वेळ धरतात आणि बाहेर काढून उन्हात तिरकं करून बघतात. पात्यावर तांबूस झाक आली तर तांबं मोकळं आहे, पानं जळतील, चुना वाढवा. पातं जसंच्या तसं निघालं की पंपात भरा. पीएच पेपर घरात आहे, माझ्या भावानं आणलाय, तो पण बघतात. पण विळ्याशिवाय पंप सुरू होत नाही.

तांबं सेंद्रियात चालतं, पण मोजून. ते मातीत साठतं, गांडुळांना त्रास होतो, त्यामुळं वर्षाला किती वापरायचं याला मर्यादा आहे. बाकी मग ट्रायकोडर्मा, जीवामृत, निंबोळी, दशपर्णी, पावसाळ्यात ओळींमध्ये ताग पेरून फुलावर आला की गाडायचा. मिलीबगला (पिठ्या ढेकूण) खोडाची सुटलेली साल हातानं सोलून काढायची, कारण ते सालीखाली लपतात, आणि क्रिप्टोलिमस नावाचे मित्र भुंगेरे सोडायचे, त्यांच्या अळ्या दिसतात अगदी मिलीबगसारख्याच पांढऱ्या पिंजलेल्या आणि त्यालाच खातात. पहिल्या वर्षी मजुरानं त्या अळ्यांनाच मिलीबग समजून चिरडलं होतं.

पण खरं अवघड अण्णांना काय गेलं असेल तर औषधं सोडणं नाही. डोळा बदलणं. चाळीस वर्षं त्यांनी मोठा मणी बघितला. आमच्याकडं घरात आलेला पाहुणा पण पहिला प्रश्न विचारतो, किती एमएम? थॉमसनचा मणी फुगवायला जीए (वाढीचं संजीवक), डिपिंग म्हणजे घड त्यात बुडवणं, विरळणी, पाणी, सगळी धडपड त्यासाठी. आणि वाइनला उलटं. रंग, चव, तुरटपणा सगळं सालीत असतं, मणी लहान असला तर रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून मणी लहान हवा, वेलीला थोडी तहान हवी. मण्यात पाणी उतरायला लागलं की आम्ही पाणी तोडतो. त्या दिवसांत अण्णा संध्याकाळी दीड एकरातनं फेरी मारतात, पानं दुपारी जराशी मलूल झालेली असतात, त्यांचा हात व्हॉल्व्हकडं जातो आणि ते मागं घेतात. मी हे बघितलंय. तहानलेल्या वेलीजवळनं पाणी न देता निघून येणं त्यांना अजून जड जातं.

दुसरं म्हणजे पेस्ट. ऑक्टोबर छाटणी झाली की सगळे काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, मग सगळी बाग एकदम फुटते. आपल्याकडं युरोपासारखी वेल झोपवणारी थंडी नाही, त्यामुळं तिला असं उठवावं लागतं. सेंद्रियात ती चालत नाही. आमची फूट त्यामुळं मागंपुढं, वेलीच्या एकाच आडव्या हातावर (ओलांड्यावर) एक फांदी वीतभर आणि शेजारचा डोळा अजून कापसात. पुढं तोडणीला ते दिसतं, अर्धा माल तयार, अर्ध्याला अजून दहा-बारा दिवस. म्हणून आम्ही दोनदा तोडतो. मजुरी दुप्पट लागते. पहिल्या वर्षी आई म्हणाली, हे परवडणार नाही, आणि तिचं बरोबर होतं, नाहीच परवडलं.

उत्पन्नाचं सांगायचं तर एकरी साडेतीन टनाच्या आसपास. पूर्वी ह्याच रानात सात निघायचं. भाव साध्यापेक्षा जास्त मिळतो, दुप्पट नाही मिळत. सेंद्रिय केलं की पैसाच पैसा असं कुणी सांगत असेल तर त्याच्या वहीत डोकावून बघा.

तोडणीला मात्र मी दरवर्षी जातेच. नाशकात नोकरी करते, दोन दिवस रजा टाकते. पहाटे साडेतीनला डोक्याला टॉर्च बांधून सुरू करायचं, निफाडची फेब्रुवारीतली थंडी, बोटं वळत नाहीत, पण थंड माल टाकीत गेला तर रस लगेच आंबायला लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडनं आलेल्या बायका असतात, त्यांचे हात इतके भराभर चालतात की माझा एक क्रेट होईस्तोवर त्यांचे तीन. कात्रीचा कट कट आवाज आणि मध्येच कुणीतरी गुणगुणतं. आदल्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरनं ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर बघितलेली असते, २४ च्या जवळ आली की वाइन साधारण १३ टक्के अल्कोहोलची होते. पण अण्णा बी चावून बघतात. मणी तोंडात टाकायचा, न धुता, गर गिळायचा, साल चावायची, शेवटी बी दाढेखाली. हिरवट, कडू, चिकट लागली तर नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी कुरकुरीत तपकिरी झाली की झालं. न धुता खातात हे मी मुद्दाम लिहिलं, कारण आई आता ओरडत नाही.

वाइन आम्ही घरी करत नाही, करता येत नाही, त्याला एक्साइजचं लायसन लागतं आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचं. वीसेक किलोमीटरवर ओळखीच्या एका माणसाची छोटी वाइनरी आहे, तो आमचा सगळा माल घेतो आणि त्यातला दीड टन वेगळा ठेवून एक टाकी फक्त आमच्या रानाची करतो. ती टाकी म्हणजे अण्णांच्या शेताचा दुसरा तुकडाच. रसातली साखर दारूत बदलायला लागली की साली गॅसनं वर ढकलल्या जातात, हातभर जाड थर होतो, तो दिवसातनं तीन वेळा दांड्यानं खाली दाबायचा, नाहीतर वरचा थर सुकतो, चिलटं बसतात, आंबूस होतं. मी दाबलाय. वरनं घट्ट, आत गरम, आणि दांडा खाली गेला की जांभळा फेस उसळून वर येतो. कान जवळ नेला तर बारीक तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी शेवटची शेवटची उडते तशी. वाकून जास्त वेळ थांबायचं नाही, वर कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, चक्कर येते.

आता अण्णा माळकरी आहेत. तुळशीची माळ, दर एकादशी, आळंदीची वारी. वाइनचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावलेला नाही. पण वास घेतात. आणि वासात त्यांचं नाक त्या वाइनरीत वाइन करणाऱ्या पोरापेक्षा, म्हणजे तिथल्या वाइनमेकरपेक्षा, तयार आहे असं तो पोरगाच म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी रस आंबायला लागल्यावर चौथ्या दिवशी अण्णा टाकीवर वाकले आणि मागं झाले. म्हणाले, "अंडं." मला काही कळलं नाही, मग मी जवळ गेले तेव्हा आला, सडक्या अंड्याचा बारीकसा वास. वाइनमेकरनं दोन कारणं सांगितली, एक तर यीस्टला खायला कमी पडतंय, नाहीतर मालावर गंधक राहिलंय. यीस्ट गंधकापासून हा वास करतं. "शेवटचं गंधक कधी मारलं होतं काका?" त्या वर्षी जानेवारीत भुरी (पांढरी बुरशी) हटत नव्हती, थंडी लांबली होती, अण्णांनी तोडणीच्या अठरा दिवस आधी एक फवारा जास्तीचा घेतला होता. सेंद्रियात गंधक चालतं. नियमात सगळं बसत होतं. अण्णा खाली बघत म्हणाले, "मीच मारलं."

खात्री करायला तांब्याचा तुकडा ग्लासात टाकून बघतात, अंड्याचा वास तांब्यानं मरतो. तांबं शोधायला पोरगा इकडं-तिकडं गेला, सापडेना. अण्णांच्या बोटात तांब्याची पीळ दिलेली अंगठी असते, बरीच वर्षं. त्यांनी थोडा वेळ त्या ग्लासाकडं बघितलं. मग अंगठी काढली, तिथंच बेसिनवर लिंबू मागून घेऊन लिंबू-मिठानं घासली, लखलखीत केली, धुतली, पुसली आणि स्वतःच्या हातानं ग्लासात सोडली. पोरानं ग्लास गोल फिरवला, एक मिनिट, दीड मिनिट. अण्णांनी वास घेतला आणि माझ्याकडं दिला. अंडं गेलं होतं. त्याच्याखाली जांभळाचा, काळ्या मिरीचा वास होता, आधीपासून होताच, फक्त दबलेला. टाकीला त्या दिवशी हवा देत देत दुसऱ्या टाकीत घेतलं, दोनदा केलं, आणि वास निघून गेला. अंगठी त्यांनी तिथं तीन वेळा धुतली. घरी येऊन अंघोळ केल्यावर बोटात घातली.

ही गोष्ट गावात पोचलीच. तसंही त्यांना बोलणारे होते. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंजुरी दिली तेव्हा तर देवळात भजनाआधी रोज विषय. एक ज्येष्ठ माळकरी, अण्णांच्या बरोबर वारीला चालणारे, सरळ म्हणाले, माळ घालून दारूला द्राक्षं देता, कसं चालतं? अण्णा म्हणाले, मी पीत नाही, पण पिणाऱ्याच्या पोटात माझ्या हातचं औषध जाऊ नये एवढं बघतो. त्यावर ते म्हणाले, दारूच विष, त्यातलं आणखी कसलं विष काढताय तुम्ही? अण्णांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. आमच्याच आळीत दारूनं बसलेली दोन घरं आहेत, तिथल्या बायका आमच्याकडं तोडणीला येतात. वाइन वेगळी, दारू वेगळी असं मला त्यांच्यासमोर म्हणता येत नाही. अण्णांनी मग बोलणं सोडलं पण बाग सोडली नाही, आणि ते ज्येष्ठ माळकरी आजही दर वारीला अण्णांच्याच दिंडीत, अण्णांच्याच शेजारी चालतात.

बाटलीवर 'सेंद्रिय' असं लिहिलेलं नाही आमच्या. त्यासाठी वाइनरीचं पण सर्टिफिकेट लागतं आणि त्या छोट्या वाइनरीला ते परवडत नाही. त्यामुळं पिणाऱ्याला कळतही नाही. मला याचा राग येतो, अण्णांना येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत दाबून काढलेली वाइन शांत बसली होती तेव्हा आम्ही परत गेलो. दारू झाल्यावर तिच्यात अजून एक बदल होतो, हिरव्या सफरचंदात असतो तसला आंबटपणा जाऊन दह्यातल्यासारखा मऊ आंबटपणा येतो, जिवाणू करतात ते, आणि त्याला काही आठवडे लागतात. वाइनमेकरनं ग्लासात थोडी काढून अण्णांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, परत घेतला, ग्लास फिरवून परत. मग खिशातनं छोटी डायरी काढली. त्या वर्षी शेवटचं गंधक २ जानेवारीला मारलं होतं, तोडणी ११ फेब्रुवारीला. दोन्ही तारखांच्या पुढं त्यांनी पेनानं बरोबरची खूण केली, ग्लास माझ्याकडं दिला आणि पोराला विचारलं, "दही कधी लागेल मग?"